कागद वाळेपर्यंत : ओजिमा-कोमात्सुगावा बागेतली वर्षभराची वही

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये म्हटलं होतं की वर्षभर एकच जागा जलरंगात रंगवीन, तसं केलं. एकच बाग, एकच दार, एकच कोन. ए-५ ची वही, बारा रंगांची डबी, दोन ब्रश, घडीचं स्टूल. तेवीस पानं भरली, त्यातली दाखवण्यासारखी सहा-सात. बाकीची का बिघडली तेच जास्त लिहिते, कारण चांगल्या पानांबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतं.

आधी जागा. तोक्योच्या पूर्वेला हिगाशी-ओजिमा नावाचं स्टेशन आहे, ते क्यू-नाकागावा, म्हणजे जुनी नाकागावा, नदीच्या डोक्यावरच बांधलंय. एका दाराने बाहेर पडलात तर ओजिमा, दुसऱ्याने कोमात्सुगावा. बाग नदीच्या दोन्ही अंगांना पसरलीय आणि पूर्वेला थेट आराकावा नदीच्या बांधापर्यंत जाते. तिथे ‘काझे नो हिरोबा’, म्हणजे वाऱ्याचं पटांगण, नावाचा उंचवटा आहे आणि त्यावर किल्ल्याच्या बुरुजासारखं काळपट काँक्रीटचं एक बांधकाम उभं आहे. हेच माझं दार. जुनं कोमात्सुगावा लॉक गेट, म्हणजे नाव आत घेऊन पाणी चढवायचं-उतरवायचं दार, १९३० सालचं.

आराकावाचा इथला पट्टा खणून काढलेला आहे. १९१० च्या मोठ्या पुरानंतर १९११ ते १९३० अशी वीस वर्षं खपून सुमारे २२ किलोमीटरचा नवा प्रवाह काढला. त्या कामावरचा एक इंजिनियर, आओयामा आकिरा, आधी पनामा कालव्यावर काम करून आलेला होता. नव्या प्रवाहाने जुनी नाकागावा मधोमध कापली गेली, दोन्हीकडच्या पाण्याची पातळी वेगळी झाली, आणि नावांना इकडून तिकडे जायला लॉक गेट लागलं. पुढे मालवाहतूक ट्रकवर गेली, दार बंद झालं आणि भोवतीची जमीन भराव घालून उचलली. आज दिसतो तो वरचा एक तृतीयांश भाग. बाकीचं दार मातीत आहे.

मी वाईची. कृष्णेला पूर आला की आमच्याकडे घाटावरची देवळं पाण्यात जातात, आणि पाणी उतरलं की पुन्हा तशीच्या तशी वर येतात. इथे पुराच्या भीतीने जमीनच वर आणली आणि दार खाली राहिलं. पहिल्या दिवशी पाटी वाचून मी रेखाटन खोडलं आणि पुन्हा काढलं. कमान एवढी बुटकी का दिसते ते तेव्हा कळलं. मी नकळत तिला ‘सुधारून’ उंच केली होती.

आता पद्धत. प्रत्येक वेळी पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, आकाशाचा, मिश्रण तेच : अल्ट्रामरीन निळ्यात चिमूटभर तपकिरी बर्न्ट सिएना. वॉश दिला की फोनवर घड्याळ लावायचं. कागदाची चमक गेली म्हणजे वाळला असं नाही. बोटाची मागची बाजू हलकेच टेकवायची. गार लागलं तर आत ओल आहे. गार लागायचं थांबलं की घड्याळ बंद. हा आकडा पानाच्या कोपऱ्यात लिहायचा. सुरुवातीला गंमत म्हणून लिहीत होते. वर्षअखेरीस कळलं की माझ्या वहीत ऋतू असा खरा त्या आकड्यांमध्येच आहे, चित्रांत नाही.

ऑक्टोबर २०२३. आठ मिनिटं. ऊन, हलका वारा. याहून सोपे दिवस वर्षात नाहीत, हे तेव्हा माहीत नव्हतं.

डिसेंबर-जानेवारी. अकरा ते चौदा मिनिटं. थंडीत वॉश वाळतच नाही असं ऐकलं होतं, पण तोक्योचा हिवाळा कोरडा असतो, निळंभोर आकाश आणि फुटलेले ओठ. त्यामुळे कल्पनेपेक्षा बरं. अडचण बोटांची होती. बोटं कापलेले लोकरी हातमोजे घातले तरी वीस मिनिटांनी ब्रश हातात आहे की नाही ते बघून ठरवावं लागायचं. सकाळी लवकर गेलं तर आराकावाच्या बांधावरून फुजी दिसतो, नखाएवढा. तो चित्रात घालायचा मोह दोनदा झाला, दोन्ही पानं कॅलेंडरसारखी झाली. घालू नका. पाण्यावर युरीकामोमे असतात, हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर येणाऱ्या कुरवांचेच भाईबंद.

परतताना भाजीवाल्याकडून कोमात्सुनाची जुडी. ही पालेभाजी याच कोमात्सुगावाच्या नावाची. शोगुन, म्हणजे तेव्हाचा राज्यकर्ता, योशिमुने शिकारीला आला असताना त्याला वाढली आणि त्यानेच नाव ठेवलं, अशी कथा सांगतात. पालकापेक्षा देठ करकरीत, उग्रपणा नाही. लसणाची फोडणी, मूठभर भिजवलेली मूगडाळ, झाकण न ठेवता. गार झालेली बोटं कढईवर शेकून घ्यायची.

६ फेब्रुवारी २०२४. चौतीस मिनिटं. आदल्या दिवशी तोक्योत बर्फ पडला होता, शहरात आठ सेंटिमीटर. ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून गेले. तोवर निम्मा चिखल झालेला, पण बुरुजाच्या कडांवर बर्फ टिकला होता. बर्फ रंगवायचा नसतो, कोरा कागद सोडायचा असतो, हे मला पाठ आहे. तरी सावलीत निळा इतका ओतला की बुरुजावर कुणी नीळ सांडल्यासारखी दिसते.

६ एप्रिल. सहा मिनिटं. यंदा चेरीच्या फुलांनी वाट पाहायला लावली. यासुकुनी देवळातल्या ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं तोक्योचा बहर जाहीर करतं. यंदा तो दिवस उजाडला २९ मार्चला. इथे आराकावाच्या बाजूने सुमारे दोन किलोमीटर हजारभर झाडं आहेत, म्हणून नाव सेन्बोन-झाकुरा, हजार चेरी. निळ्या ताडपत्र्या, डबे, लहान मुलं, झाडाखाली चपलांच्या नीट लावलेल्या रांगा.

पहिलं पान मी गुलाबी रंगवलं आणि दाराशेजारी लग्नाचा मांडव उभा राहिला. मान वर करून नीट पाहिलं तर सोमेई-योशिनो, म्हणजे ही इथली चेरी, गुलाबी नसतेच मुळी. पाकळी जवळजवळ पांढरी. तांबूसपणा असतो देठात आणि पाकळ्यांच्या मागच्या लाल पेल्यात, तोही फूल उतरायला लागल्यावर वाढतो. दुसऱ्या पानावर झाडं रंगवलीच नाहीत. मागचं आकाश जरा मळकट केलं, झाडांच्या जागी कागद सोडला, फांद्यांजवळ पाण्यात विरघळलेल्या लालचे चार ठिपके. वॉश ओला असतानाच एक पाकळी येऊन आकाशात चिकटली. काढली असती तर डाग राहिला असता, म्हणून राहू दिली. आता ती चहाच्या रंगाची झालीय, कडा वळल्यात आणि तिच्याभोवती निळ्याची बारीक रेघ उमटलीय, मला हाताने कधी जमली नसती अशी.

जून-जुलै. पन्नास मिनिटं, मग घड्याळच बंद केलं. पावसाळा यंदा २१ जूनला लागला, नेहमीपेक्षा उशिरा. स्टेशनच्या खाली, नदीकाठच्या वाटेवर आडोसा धरून बसायचे. हवेतच इतकं पाणी की कागद घरातून निघतानाच मऊ पडलेला. अर्धवट ओल्या वॉशवर दुसरा हात मारला की फुलकोबी (तशा कडांचा डाग) उगवते, आणि या दोन महिन्यांत मी फुलकोबीचा मळा लावला. उपाय एकच सापडला : रंग घट्ट घ्या, पाणी कमी, आणि एका बैठकीत एकच थर. घरी नेऊन हेअर ड्रायरने वाळवलेलं मी मोजत नाही.

याच दिवसांत हिरवा मनासारखा जमेना म्हणून व्हिरिडियन काढला. व्हिरिडियन म्हणजे क्रोमियमचं संयुग. आणि ज्या पटांगणावर मी बसते त्याच्या पोटात क्रोमियमच आहे. इथल्या रसायन कारखान्याचा हेक्साव्हॅलंट, म्हणजे विषारी जातीच्या, क्रोमियमचा कचरा या भागात पुरला गेला होता. १९७० च्या दशकात ते उघडकीला आल्यावर तो विषारी माल प्रक्रिया करून, बंदिस्त करून, वर मातीचा थर घालून गाडला आणि त्यावर हिरवळ उगवली. डबीतला क्रोमियम त्या मानाने गरीब स्वभावाचा, जात वेगळी. तरीही रंगाचं मळकं पाणी मी गवतावर ओतत नाही, बाटलीत भरून घरी नेते.

ऑगस्ट. अडीच मिनिटं. सकाळी सहाला! सिकाडा किड्यांचा आवाज इतका की फोनचं घड्याळ वाजलेलं ऐकू येत नाही. ब्रश टेकवायच्या आत कड वाळून करकरीत. या महिन्यात मी आकाश सोडूनच दिलं आणि नुसत्या सावल्या काढल्या. वर्षातली सगळ्यांत चांगली दोन पानं त्यातली आहेत, हे मान्य करायला जरा जड जातं.

१५ ऑगस्टला क्यू-नाकागावावर कागदी कंदील सोडतात. १० मार्च १९४५ च्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात आगीपासून वाचायला माणसं या पाण्यात उतरली होती, कंदील त्यांच्या आठवणीचे. त्या संध्याकाळी मी वही नेत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर. दहा मिनिटं, मग नऊ. पाण्याकाठी हाझे पकडणारे येऊन बसतात, बोटभर लांबीचा मासा, तळून खातात. त्यातले एक आजोबा गेल्या ऑक्टोबरपासून मला पाहताहेत. यंदा पहिल्यांदाच उठून वही बघायला आले. सावकाश सगळी पानं उलटली, पाकळीच्या पानावर थांबले आणि म्हणाले, “दार दर वेळी थोडं वेगळ्या उंचीचं आहे हो.” मी घरी येऊन पट्टी लावली. खरंच. एप्रिलमधलं दार ऑक्टोबरच्या दारापेक्षा सव्वा सेंटिमीटर उंच. बसायची जागा तीच, पण हिवाळ्यात मी स्टूल सोडून चटईवर बसत होते आणि एप्रिलपर्यंत तीच सवय राहिली. डोळा खाली गेला की दार वाढतं. एकच कोन, असं वर लिहिलंय, ते तेवढं दुरुस्त करून वाचा.

पुढच्या वर्षी चालू वापरातलं आराकावा लॉक गेट काढायचा विचार आहे. इथून चालत थोड्याच अंतरावर, २००५ सालचं. दोन पाण्यांमध्ये तीन मीटरपर्यंत फरक असतो, आणि नाव आत घेऊन पाणी चढवतात-उतरवतात ते काठावरून बघता येतं. म्हणजे वॉश वाळेपर्यंत समोरची पाण्याची रेघ हललेली असणार. हलत्या पातळीचं कुणी काही केलं असेल तर सांगा.

१७ नोव्हेंबर. चेरीची पानं तांबडी, निम्मी खाली. स्टुलावर बसूनच. बारा मिनिटं.