लागेल तेवढा मैदा

परवा दुपारी बटाट्यांची टोपली झटकताना तळाशी पाच बटाटे सापडले. त्यांना कोंब फुटलेले नव्हते आणि ते हिरवेही पडलेले नव्हते. साल तेवढी सैल होऊन सुरकुतली होती. एरवी मी नाक मुरडले असते, पण त्या दिवशी मला चक्क आनंद झाला, कारण न्योक्कीला, म्हणजे बटाटा-मैद्याच्या उकडलेल्या इटालियन गोळ्यांना, असेच बटाटे लागतात. नव्या बटाट्यात पाणी फार. जुना बटाटा कोरडा, पिठूळ असतो, आणि पाणी जितके कमी तितका मैदा कमी. न्योक्कीच्या बाबतीत सगळे घोडे या मैद्यापाशीच पेंड खाते.

इटालियन पाककृतींत प्रमाणाच्या जागी पुष्कळदा नुसतेच ‘क्यू. बी.’ लिहिलेले असते. ‘क्वांतो बास्ता’, म्हणजे पुरेल इतके. मिठापुढे ही दोन अक्षरे दिसली तर माझी काही तक्रार नाही. मैद्यापुढे दिसली की मात्र लिहिणाऱ्याचा राग येतो. १ किलो बटाट्यांना २५० ते ३०० ग्रॅम मैदा असा ढोबळ हिशेब सांगणारे भेटतात, पण तेही जाता जाता ‘बटाटा बघून घाला’ अशी पुस्ती जोडतात. बटाट्याचे नेमके काय बघायचे, ते कोणी सांगत नाही. पहिल्या खेपेला मी बटाटे सोलून, फोडी करून उकडले होते, म्हणजे त्यांना मनसोक्त पाणी पाजले होते. पीठ हाताला चिकटू लागले तसा मैदा भुरभुरला. ते आणखी चिकटले, मी आणखी भुरभुरला. शेवटी गोळा असा गुळगुळीत झाला की मलाच माझे कौतुक वाटले, आणि शिजून ताटात आले ते खोडरबर.

आता मी बटाटे सालासकट, गार पाण्यात टाकून उकडते आणि चटके बसत असतानाच सोलते, म्हणजे आतली वाफ निघून जाते. लहानपणी उकडलेले बटाटे सोलण्याचे काम माझ्याकडे असे. पातेल्यापाशी पाट घेऊन मी बसायची, बटाटा या हातातून त्या हातात झेलत, बोटांवर फुंकर घालत, एका बटाट्याला पाच मिनिटे लावायची. शेजारी आजी तेवढ्याच गरम बटाट्याची साल चिमटीत धरून एका ओढीत काढून टाकायची, तेही माझ्याकडे बघत, गप्पा मारत. “आजी, तुला भाजत नाही का गं?” असे विचारले की म्हणायची, “भाजतं की. पण गार झाल्यावर साल निघते का बघ.” मला तेव्हा ते उत्तरच वाटले नव्हते. परवा मात्र पाचवा बटाटा सोलताना फुंकर घालायची राहून गेली, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

सोललेला बटाटा बारीक किसणीवरून ओट्यावर पसरून ठेवायचा, मिक्सरच्या भांड्यात चुकूनही घालायचा नाही. तिथे त्यातले पिष्ट फुटून खळ तयार होते. अंडे घालावे की नाही यावर वाद आहेत. मी घालत नाही, कारण त्याच्या ओलाव्याला पुन्हा मैदा लागतो. गोळा जेमतेम एकत्र आला की थांबायचे, मळत बसायचे नाही. एकच तुकडा कापून उकळत्या पाण्यात टाकून बघायचा. इटालियनमध्ये एक असेल तर न्योक्को आणि अनेक असतील तर न्योक्की; एकवचनाचा उपयोग होतो तो बहुधा या परीक्षेपुरताच. तो विरघळला तर आणखी चिमूटभर मैदा, वर तरंगला तर पुढे चला.

न्योक्की बटाट्यापेक्षा जुनी आहे, हे मला फार उशिरा कळले. बटाटा अमेरिकेतून युरोपात आला तो सोळाव्या शतकात; त्याआधी पावाच्या चुऱ्याचे, पिठाचे न्योक्की होतच असत, आणि रोमच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार आजही रव्याचा असतो. त्याच रोममध्ये न्योक्कीचा वार गुरुवार. इटलीतल्याच व्हेरोना शहरात कार्निव्हलच्या शेवटच्या शुक्रवारी ‘न्योक्कोचा बाप’ बनलेला माणूस भल्या मोठ्या काट्याला न्योक्को टोचून मिरवतो. अर्जेंटिनात दर महिन्याच्या २९ तारखेला ताटाखाली नोट ठेवून न्योक्की खातात, आणि महिनाअखेरीस फक्त पगाराला उगवणाऱ्या सरकारी नोकरालाही तिथे ‘न्योकी’च म्हणतात. हे वाचल्यापासून पाण्यात तळाशी स्वस्थ पडून राहिलेल्या आणि सगळे शिजल्यावर सावकाश वर येणाऱ्या तुकड्यांकडे मी जरा संशयानेच बघते.

पिठाच्या बोटभर जाडीच्या वळ्या करून दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापले, की प्रत्येक तुकडा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने हलकेच दाबत खाली घरंगळवायचा. एका अंगाला रेघा उमटतात, दुसऱ्या अंगाला खळगा पडतो; रेघांत सॉस अडकतो आणि खळग्यामुळे मधला भाग नीट शिजतो. हे काम मला इतके आवडते की घरात कोणी मदतीला आले तर मी त्याला भांडी घासायला देते. परवा मात्र शेवटच्या पंधरा-वीस तुकड्यांपाशी पाणी खळखळू लागले आणि ते मी तसेच, बिनरेघांचे, पातेल्यात सोडले. झाऱ्याने काढून सगळे एकत्रच लोण्यात परतले, आणि ताटात कुठले रेघांचे नि कुठले बिनरेघांचे ते कोणी पाहिलेही नाही. मी तेवढी निवडून निवडून रेघांचे खात होते. चवीत फरक नव्हता.

पुढच्या खेपेला पाणी जरा उशिरा चढवीन.