लॅपटॉपने पासवर्ड विचारलाच नाही (माझा अनुभव)

शनिवारी रात्री अकराच्या सुमारास अपडेट झाल्यावर लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि त्याने पासवर्ड विचारलाच नाही. माझी डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद आहे, लिनक्स टाकतानाच तसं सिलेक्ट केलं होतं, त्यामुळे चालू केल्याकेल्या आधी डिस्कचा पासवर्ड द्यायचा आणि मग बाकी सगळं, ही रोजची सवय. त्या रात्री काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी भराभर वर गेल्या, थांबल्या, आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायला लागला. खाली लिहिलेलं, कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक, आणि कंसात शून्य स्वल्पविराम शून्य.

मी काय केलं? बटण दाबून धरलं, बंद केला, परत चालू केला. तेच. परत केलं. तेच. तिसऱ्यांदा का केलं ते विचारू नका.

मग आठवलं की ग्रबच्या (चालू होताना कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्राम) मेनूत जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) ठेवलेले असतात, नवीन चालला नाही तर जुन्यावर जाता येतं. चालू होताना एस्केप दाबत बसले (जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवतात, माझ्याकडे बायोसच्या जागी आलेलं यूईएफआय आहे म्हणून एस्केप), मेनू आला, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये गेले, तिथे तीन कर्नल दिसले, जीवात जीव आला. दुसरा निवडला. पॅनिक. तिसरा निवडला. पॅनिक, आणि अक्षर न अक्षर तोच मेसेज. इथे मात्र पोटात गोळा आला, कारण नवीन अपडेट खराब निघालं असतं तर जुना कर्नल तरी चालायला हवा होता ना. तिन्ही एकाच पद्धतीने पडतायत म्हणजे दोष अपडेटमध्ये नाही, तिघांना लागणारं काहीतरी एकच गायब आहे.

आणि ते काय गायब आहे हे मला माहीत असायला हवं होतं, कारण ते मीच डिलीट केलं होतं.

झालं असं की एन्क्रिप्टेड डिस्क असली की बूटचं पार्टिशन, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा भाग, बहुतेक वेळा वेगळं आणि छोटंसं असतं, माझं ५१२ एमबीचं. त्यात प्रत्येक कर्नलची फाइल असते आणि त्याच्या जोडीला एक इनिटरॅमएफएस नावाची फाइल असते, ती चांगली शंभर एमबीच्या पुढे होती माझ्याकडे. तीन कर्नल साठले की हिशोब तुम्हीच करा. बूटमध्ये जागा कमी आहे असा छोटा पॉपअप कितीतरी दिवस येत होता आणि मी तो तितकेच दिवस बंद करत होते. त्या शनिवारी अपडेटमध्ये नवीन कर्नल आला, जुने दोन आधीच बसलेले, आणि अपडेट शेवटाकडे जाऊन अडकलं, लाल अक्षरात नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. आता इथे सरळ मार्ग होता, जुना कर्नल पॅकेज मॅनेजरकडून (प्रोग्राम टाकणारा आणि काढणारा प्रोग्राम) काढायचा. पण मी टर्मिनलमध्ये बूटच्या फोल्डरमध्ये गेले, सगळ्यात मोठ्या फाइल कोणत्या ते बघितलं, जुन्या नंबरच्या दोन इनिटरॅमएफएस दिसल्या, आणि आरएम ही फाइल पुसायची कमांड मारून दोन्ही उडवल्या. सुडो लावून, म्हणजे पूर्ण अधिकाराने. जागा झाली म्हणून खूश. वर शहाणपणा करून ग्रबचा मेनू नव्याने बनवणारं अपडेट ग्रब पण चालवलं, त्याने तिन्ही कर्नल सापडल्याचं सांगितलं, फाउंड लिनक्स इमेज, फाउंड लिनक्स इमेज, फाउंड लिनक्स इमेज. एरवी प्रत्येक ओळीखाली फाउंड इनिटआरडी इमेज (इनिटआरडी म्हणजे तीच इनिटरॅमएफएस) अशी दुसरी ओळ येते. ती एकदाही आली नव्हती आणि माझ्या लक्षातही आलं नाही. नव्या कर्नलची ती फाइल जागेअभावी बनलीच नव्हती आणि जुन्या दोघांच्या मी पुसल्या होत्या. एवढं करून मी रीस्टार्ट दाबलं.

ही इनिटरॅमएफएस म्हणजे काय ते मला त्या रात्री फोनवर वाचून नीट कळलं, त्याआधी नुसतं नाव ऐकून होते. कर्नल मेमरीत येतो तेव्हा त्याला तुमची डिस्क उघडता येत नसते, आणि ती कुलूपबंद असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून ग्रब त्याच्यासोबत एक छोटी गाठोडी मेमरीत टाकतो, त्यात डिस्कचे ड्रायव्हर, पासवर्ड विचारणारा प्रोग्राम, कुलूप उघडणारा प्रोग्राम असं मोजकं सामान. ते सामान डिस्क उघडतं आणि मग खरी सिस्टिम चालू होते. गाठोडी नाही तर पासवर्ड विचारणार कोण? अननोन ब्लॉक शून्य शून्य म्हणजे कर्नल सांगतोय की मला रूटची, म्हणजे जिच्यावर खरी सिस्टिम आहे ती, डिस्क कुठे दिसतच नाहीये. स्क्रीनवर सगळं लिहिलेलं होतं, मी फक्त पॅनिक हा शब्द वाचून घाबरले होते. आणि मुख्य म्हणजे डेटाला काही झालेलं नव्हतं, हे कळल्यावर मी झोपले.

रविवारी सकाळी दादाचा लॅपटॉप मागितला, लाइव्ह पेनड्राइव्ह बनवायला, म्हणजे ज्याच्यावरूनच लिनक्स चालतं असा. तो म्हणाला, "अगं पण माझ्यात काही करू नकोस हं." विश्वास किती बघा. आयएसओ (लिनक्सची इमेज फाइल) उतरवली आणि फाइल कॉपी करतो तशी पेनड्राइव्हवर कॉपी केली, आणि माझा लॅपटॉप काही त्याला ओळखेना. अर्धा तास बूट मेनूत घालवला, पोर्ट बदलून बघितला, मग डोक्यात प्रकाश पडला की आयएसओ कॉपी करायची नसते, इमेज रायटरने पेनड्राइव्हवर लिहायची असते. त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं, तेव्हा आत काही ठेवलं असेल तर आधी काढून घ्या. मी नव्हतं काढलं, पण त्यात जुन्या प्रेझेंटेशनशिवाय काही नव्हतं.

लाइव्ह सिस्टिम चालू झाली, आपला लॅपटॉप, आपली स्क्रीन, पण घर दुसऱ्याचं असं वाटतं. आधी एलएसबीएलके मारून पार्टिशन बघितली. तीन होती, पहिलं छोटं ईएफआयचं, दुसरं ५१२ एमबीचं बूट, आणि तिसरं मोठं, क्रिप्टो लक्स असं लिहिलेलं, म्हणजे कुलूपबंद. क्रिप्टसेटअप या कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामला ते तिसरं उघडायला सांगितलं, त्याने पासवर्ड विचारला. कालपासून ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो आला. उघडताना त्या उघडलेल्या डिस्कला एक नाव द्यावं लागतं, मी काहीतरी द्यायचं म्हणून माझीडिस्क असं दिलं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे माझी दुपार खाणार आहे.

डिस्क माउंट झाली, म्हणजे सिस्टिमला जोडली गेली, माझे सगळे फोल्डर जागच्या जागी. दुरुस्तीला हात लावायच्या आधी कामाचा फोल्डर आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केले, दीड तास गेला त्यात, पण त्यानंतर हात थरथरायचे थांबले, वाईटात वाईट काय तर सगळं नव्याने टाकावं लागेल एवढंच. ज्याचा लॅपटॉप आत्ता अडकलेला आहे त्याने हे आधी करावं, फोनवर कमांड शोधत बसण्याच्या आधी.

मग सीएचरूट. म्हणजे लाइव्ह सिस्टिममध्ये बसून आपल्या डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरायचं, जणू तिच्यातूनच बूट झालोय. त्यासाठी रूट एमएनटी या फोल्डरवर माउंट करायचं, मग त्याच्या आत बूटचं पार्टिशन बूटच्या जागी, ईएफआयचं त्याच्या जागी, आणि डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे लाइव्ह सिस्टिमचे चार फोल्डर बाइंड माउंट करायचे, म्हणजे तेच आतही दिसतात. यातलं बूट विसरलं तर काय होतं ते ऐका, सगळ्या कमांड व्यवस्थित चालतात, एरर येत नाही, फक्त नवीन फाइल मोठ्या डिस्कवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये जाऊन पडते आणि ग्रब बिचारा दुसरीकडे शोधत राहतो. मी विसरले नाही, पण खात्री करायला आत गेल्यावर जागेचे आकडे दाखवणारी डीएफ मारून बघितलं आणि बूटसमोर ५१२ च्या आसपास आकडा दिसल्यावरच पुढे गेले.

आत गेल्यावर पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीला कॉन्फिगर ऑल सांगितलं, म्हणजे अर्धवट राहिलेली सगळी पॅकेज पुरी कर. आता बूटमध्ये जागा होती (माझ्याच कृपेने), त्यामुळे नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस बनायला लागली. नवीन फाइल आधी डॉट न्यू अशा नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाली की खऱ्या नावाने ठेवली जाते, म्हणून आहे तीच फाइल परत बनवायची असली तरी तिच्याएवढी मोकळी जागा लागते, हे पण तेव्हाच कळलं. सगळ्यात जुना कर्नल पॅकेज मॅनेजरकडून रीतसर काढला, मधल्याची गाठोडी परत बनवून घेतली, अपडेट ग्रब केलं, आणि यावेळी डोळे फाडून बघितलं, दोन लिनक्स इमेज आणि प्रत्येकीखाली इनिटआरडी इमेज. हे सगळं होताना मध्ये एक पिवळी ओळ आली होती, क्रिप्टसेटअप वॉर्निंग, टार्गेट माझीडिस्क नॉट फाउंड इन ईटीसी क्रिप्टटॅब. वॉर्निंगच आहे, एरर नाही ना, म्हणून सोडून दिली. हो, आदल्या दिवशीच्या एवढ्या प्रकारानंतर सुद्धा.

रीस्टार्ट. पॅनिक नाही! पण पासवर्डही नाही. बराच वेळ काही हललं नाही, मग गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टिम डिव्हाइस, आणि खाली कंसात इनिटरॅमएफएस लिहून कर्सर लुकलुकत बसला. बिझीबॉक्सचा शेल होता तो, म्हणजे गाठोडीतलं छोटं टर्मिनल. दादा मागून बघत होता, म्हणाला, "हे कालच्यापेक्षा बरं आहे की वाईट?" खरं सांगायचं तर बरंच बरं होतं, गाठोडी सापडली होती, उघडली होती, फक्त तिच्यात किल्ली नव्हती. पण त्या क्षणी मी त्याला नीट उत्तर दिलं नाही.

पिवळी ओळ आठवली. क्रिप्टटॅब ही फाइल म्हणजे कोणतं कुलूपबंद पार्टिशन कोणत्या नावाने उघडायचं याची यादी. गाठोडी बांधणारा प्रोग्राम बघतो की रूट आत्ता कोणत्या नावाने उघडलेलं आहे, आणि त्या नावाची ओळ यादीत शोधतो. मी उघडलं माझीडिस्क म्हणून, यादीत नाव होतं भलतंच, लिनक्स टाकताना आपोआप पडलेलं. ओळ जुळली नाही, म्हणून त्याने हे रूट उघडायची सोय गाठोडीत भरलीच नाही, फक्त मला एक वॉर्निंग दिली. त्याचं काम त्याने चोख केलं होतं.

परत पेनड्राइव्ह, परत लाइव्ह. यावेळी आधी माझीडिस्क नावानेच उघडून क्रिप्टटॅबमधल्या ओळीचा पहिला शब्द कागदावर उतरवला, अनमाउंट केलं, डिस्क बंद केली, आणि त्या कागदावरच्या नावाने परत उघडली. मग तेच माउंट, तेच सीएचरूट, आणि दोन्ही कर्नलसाठी अपडेट इनिटरॅमएफएस. पिवळी ओळ आली नाही. पण आता माझा माझ्यावरच भरवसा नव्हता, म्हणून एलएसइनिटरॅमएफएस नावाची कमांड असते, गाठोडी न सोडता आत काय आहे त्याची यादी देते, त्यात ग्रेप ही शोधायची कमांड लावून क्रिप्टसेटअप शोधलं. होतं. दुसऱ्यात पण बघितलं. होतं. बाहेर आले, सगळं उलट्या क्रमाने अनमाउंट केलं, पेनड्राइव्ह काढला.

चालू केल्यावर ग्रब आला, गेला, स्क्रीन काळी झाली, आणि डाव्या कोपऱ्यात एक ओळ आली, प्लीज अनलॉक डिस्क. घाईत पहिल्यांदा पासवर्ड चुकीचा टाकला.

आता बूटमध्ये दोनच कर्नल असतात, जुने ऑटोरिमूव्हने जातात, आणि तो पॉपअप आला की हातातलं काम टाकून आधी ते बघते. पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून लाइव्ह असं लिहून ठेवलंय, आणि त्याखाली क्रिप्टटॅबमधलं ते नाव. दादाने परवा तोच पेनड्राइव्ह मागितला, कशाला म्हणून विचारलं तर म्हणे फोटो कॉपी करायचेत. नाही दिला.