चकलीचा डबा

भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस, रात्री पावणेबारा

मुलगा उद्या सकाळच्या एसटीने पुण्याला होस्टेलवर परत जातोय. त्याच्याबरोबर द्यायच्या चकल्या आईंनी वेगळ्या डब्यात काढून ठेवल्या होत्या. त्यातल्या मी आत्ता खाल्ल्या. किती ते मोजलं नाही. आज हे सगळं जसं घडलं तसं लिहायचं ठरवलंय, कारण आजवर ते मी मनातल्या मनातसुद्धा नीट उच्चारलेलं नाही.

त्या डब्याचं झाकण घट्ट आहे. सरळ ओढलं तर टप्प असा आवाज होतो, म्हणून गाऊनचं टोक त्यावर धरून अंगठ्याने कडेकडेने उचलायचं. दिवा लावायचा नाही. फ्रिजही उघडायचा नाही, त्याचा उजेड हॉलमध्ये जातो आणि तिथे आई झोपतात. चकली दातांनी फोडली तर शांततेत ऐकू येते, म्हणून ती तोंडात धरून ओली होऊ द्यायची आणि मग चावायची. पहिल्या दोन चकल्यांना चव असते, ओवा लागतो, तीळ लागतात. तिसरीपासून काही लागत नाही, नुसता हात चालू राहतो. पोट केव्हाच भरलेलं असतं, ते कळतही असतं, तरी हात थांबत नाही. जणू थांबवणारं माणूस घरातून उठून बाहेर गेलंय. शेवटी टाळू सोलवटते तेव्हा थांबते.

सहा वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. फराळ नसेल तेव्हा फरसाण, खारी, क्रीमची बिस्किटं; काहीच नसेल तर गार पोळीला तूप-साखर, एकामागून एक. यांना माहीत नाही. आईंना माहीत नाही. सगळ्यांसमोर मी एक पोळी खाऊन उठते आणि लोक म्हणतात, "हिचं खाणं किती कमी, तरी अंग सुटलंय बघा."

दुसऱ्या दिवशी

आईंनी सकाळी डबा उचलला आणि म्हणाल्या, "हलका लागतोय गं." त्यांनी मोजून ठेवल्या होत्या. बावीस. राहिल्या होत्या नऊ.

मग त्यांनी मोरीकडे पाहिलं. कामाच्या मावशी भांडी घासत होत्या. आई हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना आता ओट्याखालचं काही काढायला सांगत जाऊ नकोस."

मी "बरं" म्हटलं. चपला घातल्या आणि कामावर गेले.

पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजते. आठ वर्षांत एका रुपयाचा फरक माझ्यावर आलेला नाही. आणि अकरा वर्षं आमच्याकडे येणाऱ्या बाईंवर आज माझ्यामुळे चोरीचा संशय आला. वजन वाढलं, गुडघे दुखायला लागले, साडेसहा महिन्यांपूर्वी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, तेव्हाही मी हलले नव्हते. ते रिपोर्ट पाहून डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "जिभेवर ताबा ठेवा." मान हलवून घरी आले आणि त्याच रात्री पुन्हा खाल्लं. आजचं मात्र सहन होत नाहीये.

रात्री गच्चीवर जाऊन १४४१६ ला फोन केला. टेलि-मानसची ही सरकारी, मोफत हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे आणि रात्रीही चालते. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "त्या वेळी स्वतःला थांबवता येत नाही, असं वाटतं का?" मला रडूच फुटलं. इतक्या वर्षांत इतक्या जणांनी मला काय खाऊ नये ते सांगितलं, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी समुपदेशकांना प्रत्यक्ष भेटायला सांगितलं. पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे.

कार्तिकी एकादशी

आज कडक उपवास केला. देवासाठी केला असं म्हटलं, पण खरं कारण चकल्या होत्या. भरपाई. दुपारपर्यंत नुसतं पाणी, संध्याकाळी एक केळं. कॅश टॅली करताना हात थरथरत होते. मग रात्री साडेअकराला साबुदाण्याची उरलेली खिचडी, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, आणि उपवासाचं संपल्यावर ब्रेड. एकादशी, दुप्पट खाशी. लहानपणापासून ऐकलेली म्हण. आज पहिल्यांदा ती कुणीतरी माझ्याकडे बघून रचली असावी असं वाटलं.

शनिवार

पहिली भेट झाली. खोली छोटी, खिडकीत तुळस. मॅडम माझ्याहून लहान असतील. दोन वाक्यं बोलून मी गप्प झाले, तर त्यांनी घाई केली नाही.

याला नाव आहे. बिंज ईटिंग डिसऑर्डर. थोड्या वेळात खूप खाणं, भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत, लाजेपोटी एकट्याने. आणि नंतर स्वतःची किळस वाटणं. आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने होत राहिलं तर तो आजार धरतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत त्याला २०१३ मध्ये स्वतंत्र जागा मिळाली. मी त्या यादीतलं एकेक ऐकत होते आणि वाटत होतं, या बाई काल रात्री आमच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या की काय!

मी विचारलं, "म्हणजे हे व्यसनच ना?" त्या म्हणाल्या, व्यसनासारखं पुष्कळ आहे, पण 'अन्नाचं व्यसन' असं अधिकृत निदान नाही आणि तज्ज्ञांचं त्यावर एकमत नाही. ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १९६० मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. ते लोक दारू सोडणाऱ्यांच्या बारा पायऱ्या खाण्यासाठी वापरतात, एकमेकांना आधार देतात, आणि अनेकांना त्याचा उपयोग झाला आहे. माझ्या मनात एकच अडचण येत राहिली. दारू सोडणारा बाटली घराबाहेर ठेवू शकतो. मला रोज सकाळी कणीक मळायची आहे.

उपाय म्हणून त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक वही. खाल्लं की तेव्हाच लिहायचं: वेळ, काय, कुठे, आधी काय चाललं होतं. ताबा सुटला असं वाटलं तर पुढे फुली. कॅलरी लिहायच्या नाहीत. आणि दुसरं, तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा थोडं काहीतरी. साडेतीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ रिकाम्या पोटी राहायचं नाही. मी म्हटलं, "मॅडम, मी जास्त खाते म्हणून आलेय, आणि तुम्ही आणखी खायला सांगताय." त्या म्हणाल्या, "तीन आठवडे करून बघा. वही काय म्हणते ते बघू."

वही काय म्हणाली

अठरा दिवस झाले. आज दुपारी डबा संपवून वही उघडली आणि कॅशबुक तपासावं तशी तपासली.

मला खात्री होती की कारण टेन्शनचं असणार. भावाचा जमिनीच्या वाटणीवरून फोन, ऑडिट, मुलाचे मार्क. पहिल्या आठवड्यात, मी अजून जुन्याच पद्धतीने चालले होते तेव्हा, चार फुल्या आहेत. चारही दिवशी सकाळचा रकाना रिकामा. नुसता चहा. दुपारी अर्धी भाकरी. चार वाजता काही नाही. भावाचा फोन मात्र त्यातल्या एकाच दिवशी आला होता. पुढच्या आठवड्यात तो दोनदा आला, दोन्ही वेळा भांडण झालं, पण त्या दिवसांत मी सकाळी पोहे आणि चारला शेंगदाणे-गूळ खाल्ला होता. रात्री डबा आठवला, गेले नाही.

टेन्शनने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण रिकाम्या पोटावर ते वेगळं चढतं. मी सहा वर्षं रात्रीच्या अकरा वाजताशी भांडत बसले, आणि ती रात्र सकाळी आठलाच सुरू झालेली असायची, जेव्हा मी काल रात्रीची शिक्षा म्हणून पोह्यांची बशी परत ठेवायचे.

मॅडमनी मला मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, तो मग मी वाचून काढला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळजवळ अर्ध्या अन्नावर ठेवलं. ते स्वतःहून आले होते, मनाने खंबीर, युद्ध नको म्हणणारे. थोड्याच आठवड्यांत त्यांना अन्नाशिवाय दुसरं सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, कृती उतरवून ठेवायला लागले. काहींनी चोरून खाल्लं. आणि बंधन उठल्यावर काही जण खात राहिले, खात राहिले, पोट फुटेपर्यंत खाऊनही भूक आहेच म्हणत राहिले.

मी ते वाचताना मोबाइल बाजूला ठेवला. त्यात माझ्या 'डाएट'च्या काळात साठवलेले पुरणपोळीचे, उकडीच्या मोदकांचे, मिसळीचे व्हिडिओ आहेत. दीडशेच्या वर. रात्री अंथरुणात आवाज बंद करून मी ते बघत असे आणि हा आपला हावरटपणा असं समजत असे. त्या तरुणांना कुणी हावरट म्हणालं नाही. त्यांचं शरीर उपाशी होतं, म्हणून ते तसे वागले. माझंही होतं.

पाकीटबंद खाण्याचं काय, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला: वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद अन्न दिलं आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं. दोन्हीकडे साखर, मीठ, तेल सारखंच पुढे ठेवलं होतं, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकीटबंद अन्नाच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. माझ्या टेबलाच्या खणात बिस्किटांचे सहा पुडे पडलेले असायचे, तेव्हा सगळा दोष मी माझ्या मनाला देत होते. आता खणात शेंगदाणे आहेत. बिस्किट बंद केलेलं नाही. खावंसं वाटलं तर चहाबरोबर, सगळ्यांसमोर, दोन. बंदी घातली की काय होतं ते वहीत आहे.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

आज सांगितलं.

गुरुवारचा उपवास हे निमित्त झालं. लग्नापासून धरलेला, दिवसभर काही न खाता रात्री नैवेद्य दाखवून सोडायचा. घट मांडला, आंब्याचा डहाळा, विड्याची पानं ठेवली आणि पाटावर बसल्या बसल्या म्हटलं, "आई, मला यंदा उपवास झेपणार नाही." त्यांनी विचारलं काय झालं. मी "पित्त" म्हणणार होते. तोंडातून निघालं, "चकल्या मी खाल्ल्या होत्या."

मग सगळंच सांगितलं. झाकण, गाऊनचं टोक, सहा वर्षं. आई बराच वेळ वाती वळत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. शेवटी म्हणाल्या, "अगं, मागून खायचं ना." आणि थोड्या वेळाने, "पूजा कर, दूध-फळं घे, दुपारी जेव. माझा उपवास तरी आता कुठे होतो, गोळ्या असतात माझ्या."

मावशींना मी स्वतः सांगितलं. ते आईंना सांगण्यापेक्षा अवघड गेलं. आई तेव्हा हळू बोलल्या होत्या, पण त्यांनी ऐकलं होतं. महिनाभर त्या ओट्याखाली वाकल्या नव्हत्या, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी माफी मागितली. त्या हातातली कढई घासत राहिल्या. "मला वाटलंच होतं, तुमी न्हाई म्हणाल त्या दिवशी," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मी 'नाही, मावशी तसं करणार नाहीत' असं म्हणायला हवं होतं. ते का म्हटलं नाही, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हे आजाराच्या खात्यावर टाकता येणार नाही.

यांना रात्री सांगितलं. ते म्हणाले, "मी रात्री तुझ्याबरोबर जागा राहू का?" मी म्हटलं, नको, सकाळी मला खाल्ल्याशिवाय निघू देऊ नका.

संक्रांतीनंतरचा दिवस, सकाळी सव्वाआठ

सात आठवड्यांत तीन फुल्या होत्या. काल चौथी.

गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. ताटात दोन खाल्ल्या, तूप घालून, सगळ्यांबरोबर. छान झाल्या होत्या, कडेपर्यंत गूळ गेला होता. पण दुपारी हळदीकुंकवाच्या गडबडीत जेवण राहिलं, चारचंही राहिलं, रात्री भावाचा फोन आला. साडेअकराला उठले आणि तिळाच्या वड्या खाल्ल्या. फरक एवढाच की दिवा लावला होता. आई जाग्या झाल्या, दारात आल्या, पाणी प्यायल्या आणि जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. मी सहाव्या की सातव्या वडीला होते. आणखी दोन खाल्ल्या. मग डबा बंद केला.

आत्ता पोट जड आहे, तोंडाला गोड नको झालंय. सगळं अंग सांगतंय, आज चहावरच राहा. वही समोर उघडी आहे, कालचं लिहून झालं, फुली मारली. यांनी पोहे केलेत, कांदा जरा करपलाय. बशीत लिंबाची फोड ठेवून ते समोर बसलेत, काही बोलत नाहीयेत, पेपर वाचतायत. मी लिंबू पिळलं. आजच्या तारखेखाली लिहिलं: ८.१५, पोहे, एक बशी, टेबलाशी बसून.