साइनचा वर्ग, अधिक, आणि पुढे काहीच नाही

सांगलीत विश्रामबागेत माझा दहावीच्या गणिताचा क्लास आहे. मुलं तासगाव, कवठे महांकाळकडूनही एसटीने येतात. गाडी चुकेल म्हणून तास संपायच्या आधीच दप्तर आवरायला लागतात. त्यांच्यासाठी मी टिपणं वेबपेजवर ठेवते. आधी सूत्रं दाखवायचं काम पेजमधल्या स्क्रिप्टवर सोडलं होतं. पेज उघडलं की स्क्रिप्ट उतरणार, ती लाटेक (सूत्र खुणांमध्ये लिहायची पद्धत: सूत्राभोवती डॉलर, आणि थीटासारख्या प्रत्येक नावाआधी बॅकस्लॅश) वाचणार, मग सूत्र दिसणार. माझ्या घरच्या वायफायवर सगळं क्षणात व्हायचं. मग जत तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्या डॉलरचं काय करायचं?" तिच्याकडे रेंज इतकी कमी की स्क्रिप्ट उतरतच नव्हती, आणि पोरगी डॉलर, बॅकस्लॅशसकट सगळं वहीत उतरवून घेत होती. मला फार वाईट वाटलं.

तेव्हाच ठरवलं, सूत्र बनवायचं काम माझ्या लॅपटॉपवरच उरकायचं. मुलांच्या फोनवर तयार सूत्रच जायला हवं. त्यासाठी केटेक घेतलं, म्हणजे लाटेकचं वेबपेजवरचं सूत्र बनवणारा प्रोग्राम. खान अकॅडमीने २०१४ मध्ये ते खुलं केलं. बहुतेक लोक ते ब्राउझरमध्ये वापरतात, पण त्याची कमांडही आहे: टर्मिनलमध्ये लाटेक द्यायचं, एचटीएमएल घ्यायचं. हाताने दोन-चार सूत्रं करून पाहिली, बरोबर आली. मग सगळ्या प्रकरणांसाठी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे टर्मिनलच्या कमांड ओळीने चालवणारी फाइल.

आणि त्रिकोणमिती बिघडली. साइन वर्ग थीटा अधिक कॉस वर्ग थीटा बरोबर एक. दहावीच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारावं असं हे सूत्र. पेजवर आला साइनचा वर्ग, मग एच-ई-टी-ए अशी चार तिरकी अक्षरं, मग अधिकचं चिन्ह. पुढे काहीच नाही. एररसुद्धा नाही. एरर आली असती तर निदान कळलं असतं. माझी नजर गेली नसती, तर हे असंच मुलांच्या वहीत गेलं असतं.

तेच सूत्र टर्मिनलमध्ये हाताने दिलं की व्यवस्थित. दोन संध्याकाळी मी केटेकमध्येच चूक शोधत होते. शेवटी केटेक बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे नेमकं काय पोहोचतंय तेवढंच छापून पाहिलं. टर्मिनलमध्ये माझा शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) बॅश आहे, पण माझ्या लॅपटॉपवरच्या उबुंटूवर 'एसएच'ने चालवलेली स्क्रिप्ट डॅश नावाच्या दुसऱ्या शेलकडे जाते, आणि डॅशचा 'एको' (मजकूर पुढे पाठवणारी कमांड) बॅकस्लॅशचा अर्थ स्वतःच लावतो. बॅकस्लॅश-टी म्हणजे त्याच्या लेखी टॅब, म्हणून थीटातला 'टी' गेला. बॅकस्लॅश-सी म्हणजे 'इथेच थांब', म्हणून कॉसपाशी सगळं तुटलं. बॅकस्लॅश-एसला काही खास अर्थ नाही, म्हणून साइन तेवढा वाचला. 'एको'च्या जागी 'प्रिंटएफ' घातला आणि सूत्र पूर्ण आलं. आता तर प्रत्येक सूत्र वेगळ्या फाइलीत ठेवते आणि ती फाइलच थेट केटेकला देते. मध्ये शेल नकोच.

केटेकची सीएसएस, म्हणजे पेजवर काय कसं दिसावं हे ठरवणारी फाइल, मात्र विसरू नका, आणि ती कमांडच्याच आवृत्तीची घ्या. केटेक डोळ्यांसाठी एचटीएमएल आणि स्क्रीन रीडरसाठी (पेज वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी) मॅथएमएल, असं एकच सूत्र दोन्ही रूपांत लिहितं. मॅथएमएल नजरेआड ठेवायचं काम सीएसएस करते. ती नसली की प्रत्येक सूत्र दोनदा दिसतं.

राहिले सूत्रातले मराठी शब्द. लाटेकच्या 'टेक्स्ट' कमांडच्या कंसात लिहिले की चालतात. पण केटेकच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे अक्षर फोनच्या फॉन्टमध्ये येतं आणि शेजारच्या मजकुराशी जुळत नाही. अशा अक्षरांना केटेक 'ब्राह्मिक फॉलबॅक' नावाचा क्लास, म्हणजे सीएसएसला ओळखता येईल अशी खूण, लावतं. सीएसएसमध्ये त्या क्लासला मी पेजचाच फॉन्ट दिला, एका ओळीचं काम. आता अंकगणिती श्रेढीच्या सूत्रातलं 'पहिले पद' आणि खालच्या वाक्यातलं 'पहिले पद' एकाच वळणाचं दिसतं.