कॉलेजच्या नेटवर्कवर फाइल टाकण्याआधी

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'अभ्यासासाठीच आहे ना, मग चालतं.' ते अर्धंच खरं आहे. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२ मध्ये स्वतःच्या अभ्यासासाठी आणि वर्गात शिकवण्यासाठी सवलत आहे. पण अख्खं पुस्तक स्कॅन करून सगळ्यांसाठी शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवलं, की तो अभ्यास राहत नाही, ते वाटप होतं. खासगी वापराची ही सवलत क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट चालवलेल्या, सॉफ्टवेअरला तर नाहीच. अशी प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम ६३ब लागतं : ७ दिवस ते ३ वर्षं कैद. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय फक्त दंडावर सोडू शकतं, एवढाच दिलासा.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती टॉरेंटमध्ये, म्हणजे एकमेकांच्या मशीनवरून फाइल घेण्याच्या पद्धतीत. 'मी फक्त डाउनलोड केलं' हे तिथे टिकत नाही, कारण फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे तुमच्या मशीनवरून इतरांना जात असतात. बाहेरच्यांना दिसतो तो कॉलेजचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कॉलेजचा पत्ता, आणि नोटीस येते ती कॉलेजला.

लॅब सांभाळणाऱ्यांनी इथे घाई करू नये. त्या एका आयपीमागे शेकडो मोबाइल असतात, म्हणून नोटिशीतला पोर्ट नंबर (जोडणीचा क्रमांक) नॅटच्या, म्हणजे सगळ्यांना तो एकच आयपी वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या, लॉगशी (नोंदींशी) जुळवावाच लागतो. नोटिशीतली वेळ बहुधा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. १९:१० म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे १२:४०. हे विसरलं तर भलत्याच मुलाला ऑफिसात बोलावलं जातं, आणि हा अन्याय मला फार लागतो. आताचे मोबाइल मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची आपली ओळख, बदलतात, त्यामुळे वायफायला प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन ठेवा. राउटरचं घड्याळ एनटीपीला (नेटवरून घड्याळ बरोबर ठेवणाऱ्या सेवेला) जोडा. लॉग १८० दिवस जपा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २०२२चे निर्देश तेच सांगतात.

शेअर्ड फोल्डर ठेवायचाच असेल तर मुलांना फक्त वाचण्याची परवानगी द्या. जिथे सगळ्यांना फाइल टाकता येते, तिथे पायरेटेड सिनेमे आणि व्हायरस दोन्ही साचतात.

त्यात ठेवण्यासारखं भरपूर आहे. अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींचं निधन ११ जून १९५० रोजी झालं. लेखकाच्या निधनानंतर कायद्याने हक्क टिकतो ती ६० वर्षं २०१०अखेर संपली, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन खुलं आहे. फक्त नव्या आवृत्तीची प्रस्तावना, चित्रं आणि ऑडिओ यांचे हक्क वेगळे असतात. ते वगळा, मूळ मजकूर टाइप करून ठेवा.