तुम्ही विचारलंत म्हणून: मका वाटेत कमी कसा होतो?

सिल्लोडला मोजून भरलेला मका पुण्याजवळच्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात पोचेपर्यंत तीन-चार क्विंटल कमी कसा भरतो, वाटेत कुठल्या ढाब्यावर उतरवता? शेतकरी विचारतात, आडते विचारतात, कंपनीचा खरेदीवाला हसत हसत विचारतो. दिवाळीत सख्ख्या मेहुण्यानेही विचारलं. दर वेळी ‘काट्याकाट्यात फरक असतो’ म्हणून मी, ट्रकचा मालक, सुटका करून घेतो. ते खरं आहे, पण अर्धंच.

आधी तुम्हाला हवं आहे ते कबूल करतो. चोरी होते. लूज, म्हणजे पोत्यांशिवाय सुट्ट्या भरलेल्या मालात मागचा फाळका जरा सैल करून दोन-चार घमेली काढता येतात. वजन भरून यावं म्हणून वर पाणी मारणारेही आहेत. पण पाणी वरच्या थरातच राहतं आणि कारखान्याच्या गेटवर परखी, म्हणजे नमुना काढायची पोकळ सळई घातली की वरचा मका आणि मधला मका वेगवेगळा लागतो. शिवाय तीन-चार क्विंटल म्हणजे सहा ते आठ कट्टे. तेवढं काढायला रिकामं बारदान हवं, अडोसा हवा, गिऱ्हाईक हवं आणि अर्धा तास हवा. रोज प्रत्येक गाडीवर हे जमत असतं, तर भाड्याच्या धंद्यात इतकी ओरड कशाला झाली असती?

आता काटा, म्हणजे अख्खी गाडी चढवून मोजायचा वजनकाटा. काट्यावर मका मोजलाच जात नाही. गाडी दोनदा, रिकामी आणि भरलेली, मोजतात आणि वजाबाकी करतात. या दोन मोजण्यांच्या मध्ये गाडीत जे जे चढलं, ते सगळं पावतीवर मका म्हणून लागतं. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं, म्हणजे रिकामं वजन करून मग २०० लिटर टाकलं की दीड क्विंटलाच्या वर ‘मका’ वाढला. ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून सव्वाशे-दीडशे किलो. कोरडी ताडपत्री पावसात भिजली की तिचं ओझं उचलणाऱ्यालाच कळतं. आणि आमच्याकडची काळी माती! पावसाळी आवारातून गाडी काट्यावर आली की चाकांच्या जोड्यांत आणि मडगार्डला चिखल थापलेला असतो, तो पुढे डांबरी रस्त्यावर गळून जातो.

काट्याचं स्वतःचंही काही असतं. बहुतेक काटे १० किलोच्या टप्प्याने वाचतात. वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी लागतो, पण शिक्का असलेले दोन चांगले काटेही २८ टनांवर आपसांत २०-३० किलोंनी वेगळं बोलू शकतात. प्लॅटफॉर्म आणि भिंत यांच्या फटीत खडी-माती अडकली की प्लॅटफॉर्म मोकळा दबत नाही. गाडी चढण्याआधी आकडा शून्यावर आहे का, हे शंभरात पाच जणही बघत नसतील.

हे सगळं मला एका खेपेने शिकवलं. ऑक्टोबरातला मका, दहा चाकी गाडी, लूज माल. रिकामं वजन ९,८००, भरलेलं २८,०४०, निव्वळ १८,२४०. कायद्याने अशा गाडीला २०१८ पासून २८.५ टनांपर्यंत परवानगी आहे, म्हणजे गाडी हद्दीत होती. (दलाल ‘दोन टन जादा टाका’ म्हणतच असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ चा वीस हजारांचा दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार त्याला भरायचे नसतात.) कंपनीच्या काट्यावर निव्वळ १७,८५० भरलं. फरक ३९० किलो. कंपनीची घटीला सूट ०.२ टक्के, म्हणजे ३६ किलो. उरलेल्या ३५४ किलोंचे २२ रुपयांनी ७,७८८ रुपये भाड्यातून कापले. वीस हजारांच्या भाड्यात हा फटका बसला, की डिझेल आणि टोल जाऊन हातात काय उरतं ते तुम्हीच मांडा.

मी तेव्हा ड्रायव्हरला धरलं. माझ्याकडे सहा वर्षं होता, वयाने मोठा, मी त्याला मामा म्हणायचो. ‘मामा, चार क्विंटल कुठे गेला?’ ते म्हणाले, ‘मला नाही माहीत.’ बाकी काही बोलले नाहीत आणि तेच मला चोरीसारखं वाटलं. अर्धी रक्कम त्यांच्या हिशेबातून वळती केली. पुढच्या आठवड्यात ते चावी टेबलावर ठेवून गेले.

महिन्याने पंपाची बिलं लावताना त्या दिवशीचे कागद एकाखाली एक आले. रिकाम्या वजनाची पावती सकाळी सव्वानऊची. डिझेलचं बिल पावणेअकराचं, १८० लिटर. भरलेल्या वजनाची पावती संध्याकाळी साडेपाचची. डिझेलचे झाले १४९ किलो. सकाळी काटेवाल्याने दोघांनाही खाली उतरवलं होतं, संध्याकाळी पाऊस होता म्हणून दोघेही केबिनमध्ये बसून राहिले: १३० किलो. दुपारी भिजलेल्या दोन ताडपत्र्यांचं पाणी अंदाजे ४०. बेरीज ३१९. म्हणजे ३९० मधले ३१९ किलो मका गाडीत कधी भरलाच गेला नव्हता. व्यापाऱ्याने भरलं डिझेलचं, पाण्याचं आणि माणसांचं वजन, कंपनीने मोजला मका आणि पैसे गेले माझे. मामांचेही.

तरी ७१ किलो उरतात.

दोन काट्यांमधला फरक धरला तर चाळीसेक उरतात. ओलावा धरला तर १६ टक्क्यांचा मका गेटवरच्या रांगेत तीन दिवस उन्हात उभा राहून पाव टक्का जरी वाळला, तरी पन्नासेक किलो घटतो. चिखल धरला तर वेगळंच. हे ७१ किलो मला हवे तसे जुळवता येतात. म्हणूनच त्या जुळवणीवर माझा विश्वास बसत नाही. माझ्यातला आधीचा माणूस विचारतो, ‘मामांनी थोडं काढलंच नसेल कशावरून?’ त्याला द्यायला माझ्याकडे कागद नाही. मामांना द्यायलाही नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग कंपनी लबाड. तेही इतकं सोपं नाही. गेटवर ओलाव्याची अट बहुधा १४ टक्क्यांची असते. १६ टक्के ओलाव्याचा १८ टन मका १४ वर वाळवला, तर तो १७,५८१ किलो होतो, म्हणजे ४१९ किलो पाणीच. ज्या कंपन्या जादा ओलाव्याच्या टक्क्याला टक्का कडता, म्हणजे वजनात कपात लावतात, त्या ३६० कापतात आणि हिशेबाने थोड्या तोट्यातच जातात. टक्क्याला दीड लावणाऱ्या ५४० कापतात, तिथे मात्र ओरडायला जागा आहे. खरा हिशेब टक्क्याला सुमारे १.१६ चा. आणि ओल्या मक्याला त्या भितात त्याला कारण आहे: बुरशी लागली की आफ्लाटॉक्सिन तयार होतं, कोंबडीचं यकृत जातं, अंडी घटतात. गेटवर गाडी परत पाठवणारा केमिस्ट मला राक्षस वाटायचा. अजूनही वाटतो, पण शुक्रवारी संध्याकाळीच. तेव्हा परत फिरवलेली गाडी सोमवारपर्यंत कुणी घेत नाही.

एक तक्रार मात्र मी मागे घेणार नाही. दुपारी तापलेल्या हौद्यातला मका काढल्याकाढल्या मीटरमध्ये घातला तर आकडा चुकू शकतो, कारण ते मीटर तापमान बघून दुरुस्ती करतं आणि तीही काही हद्दीपर्यंतच. दाणा सावलीत निववून, नमुना किमान पाच जागांहून वरून, मधून आणि तळातून घेऊन, तीनदा वाचून सरासरी काढायला हवी. घाईत एकदाच वाचतात.

रांगेचे तीन दिवस, ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणत असूनही आमच्याच खिशातून जाणारी वाराई, म्हणजे हमाली, हाल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे न मिळालेले पैसे, यांवर बोलत नाही. ते तुम्हाला पाठ आहे.

आता मी काय करतो तेवढं सांगतो. डिझेल आदल्या रात्रीच. रिकामं आणि भरलेलं वजन एकाच काट्यावर, एकाच दिवशी, दोन्ही वेळा माणसं खाली. ताडपत्री, दोर, जॅक, स्टेपनी दोन्ही वेळा गाडीवरच. पाऊस असेल तर ताडपत्री भिजलेली होती असं पावतीवर लिहून घ्यायचं. काटेवाला कुरकुरतो, लिहितो. दोन्ही वजनांना शून्याचा, आकड्याचा आणि गाडीच्या नंबराचा फोटो. फाळक्याच्या फटीला आतून बारदान ठोकायचं, कारण कधी पेंड भरली तर तिचा भुगा मक्यापेक्षा बारीक फटीतून गळतो. सील व्यापाऱ्यासमोर लावायचं आणि त्याचा नंबर बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर घालायचा. मागच्या खेपेला खत नेलं असेल तर हौदा धुऊन, वाळवून मगच भरायचा. युरियाचे दाणे खाद्यात सापडले तर प्रकरण वजनापुरतं राहत नाही.

एवढं करूनही परवाच्या खेपेला ६० किलो कमी आले. सूट वजा जाता २४ किलो माझ्या अंगावर. ड्रायव्हर नवीन पोरगा आहे. पावत्या घेऊन समोर उभा राहिला आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाला, ‘शेठ, मी काही काढलं नाही.’