करूळ घाटात गाडी तापली, तिकडं जाणाऱ्यांनी कूलंट घरीच बघून निघा

देवगड करून येऊन दोन दिवस झाले, अजून डोकं शांत नाही. समुद्र, आंबे सगळं झकास, त्यावर लिहीत बसत नाही. लिहायचंय ते परतीच्या करूळ घाटाबद्दल. निघायच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंग केलेलं, गॅरेजवाला म्हणाला "सगळं ओके, बिनधास्त जावा", आणि मी पण बोनेट उघडून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, न बघताच कोल्हापूरच्या फुलेवाडीतनं कळे, साळवण करत गगनबावडा गाठला. घाट उतरताना काय कळत नाही. येताना वैभववाडी सोडली, मेची दुपार, पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू, गाडी दुसऱ्या गिअरला, आणि अर्ध्या घाटात काटा लालजवळ.

एसी बंद केला, काचा खाली आणि हीटर फुल. जीव नकोसा होतो पण इंजिनची उष्णता थोडी तरी बाहेर पडते. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेऊन बंद केली. तिथं थांबलेला एक टेम्पोवाला म्हणाला, "कूलंटच्या टाकीचं टोपण खोला, पाणी ओता, काय होत नाही." मेव्हण्यानं फडकं धरून टोपण जरासं फिरवलं तर फुस्सकन वाफ थेट मनगटावर, चांगला मोठा फोड आलाय. माझं ठाम मत, गरम गाडीचं टोपण कुणी कितीही सांगितलं तरी उघडायचं नाही. आतलं कूलंट दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, टोपण सैल झालं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं. गार पाणी ओतलं तर इंजिनचं हेड तडकायची भीती वेगळीच.

पाऊण तास थांबलो. रेडिएटरचा वरचा पाईप हाताला सोसेल इतका गार झाला, दाबला तर मऊ लागला, मग जाड फडकं घेऊन, तोंड लांब ठेवून, हळूहळू टोपण काढलं. टाकी रिकामी. होतं ते प्यायचं पाणी टाकीवरच्या मिन (किमान पातळी) खुणेच्या जरा वर येईपर्यंत घातलं, अडचणीला तेवढं चालतं.

वर आल्यावर एका दुकानात कूलंटची लिटरची बाटली, छापील किंमत 310 आणि घेतले 500. घरी बघतो तर ते कॉन्सन्ट्रेट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळून वापरायचं. तेव्हा रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) आहे का ते वाचूनच घ्या, गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच घ्या, हिरवं-गुलाबी रंगावर जाऊ नका. नळाचं किंवा बोअरचं पाणी कायमचं ठेवू नका, आत क्षार धरतात.

निघायच्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, सपाट जागी टाकी बघा. पातळी मिन आणि मॅक्सच्या मधे पाहिजे, मॅक्सच्या वर भरू नका, गरम झाल्यावर ते फुगतं. आठवड्यात पातळी खाली गेली तर नुसतं भरत बसू नका, गळती शोधा. सांडलेलं लगेच पुसा, चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि ते विष आहे.

सोमवारी उद्यमनगरात दाखवली. वरच्या पाईपच्या क्लिपभोवती पांढरी-हिरवी सुकलेली पूड चिकटलेली, बोटानं खरवडली तर खपली निघाली. म्हणजे गळती जुनीच. क्लिप बदलली, सगळं काढून नवीन कूलंट भरलं, आणि मी टाकीवर पेननं रेघ मारून ठेवलीय, रोज सकाळी बघतोय.